अमावस्येची तालीम

आमचा बँड सात वर्षं अमावस्येवर चालला. वर्षाला बारा तालमी, अधिक महिना आला तर तेरा. भुताखेतांची गाणी वाजवणारी ही पोरं, म्हणून त्यांनी मुद्दाम अमावस्या निवडली असणार, असं लोकांना वाटायचं. परदेशातल्या एका माणसानं तर तसं लिहूनही टाकलं. खरं कारण इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटायची. धुळ्यात ज्या गॅरेजमध्ये आम्ही वाजवायचो तिथले सुतार अमावस्येला कामाला हात लावत नसत, त्यामुळे ते बंद असायचं. आणि आमचा ड्रमर लग्नाच्या बँडमध्ये होता, त्याला त्या दिवशी सुपारी नसायची. दोघांची सुट्टी जुळली, एवढंच.

आम्ही जे वाजवायचो त्याला सायकोबिली म्हणतात. जळगावात हा शब्द मी मोठ्यानं तीनचारदा उच्चारला असेल, आणि दर वेळी समोरच्यानं विषय बदलला. जुनं अमेरिकन रॉक अँड रोल दुप्पट वेगानं वाजवायचं, गिटारचा आवाज फाटका ठेवायचा, गाण्यांत मढी, भुतं आणि स्मशानं घालायची आणि हे सगळं हसत हसत म्हणायचं. त्यात माणसाएवढा उभा बास लागतो. त्याच्या तारा ओढून लाकडावर आपटायच्या असतात, तोच त्यातला मुख्य ठेका. जे हातात आहे त्यावर, जसं येतं तसं वाजवलं की त्याला गॅरेज रॉक म्हणतात. आमच्या हातात फारसं काही नव्हतं, त्यामुळे आम्ही दोन्ही होतो.

मी बास वाजवायचो. नोकरी जळगावला एका कॉलेजात, प्रयोगशाळा सहायक. बीकर धुणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि पोरांवर ओरडणं ही माझी कामं, आणि तिसरं मला फार चांगलं जमतं. स्वभाव चिडका आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक नको. भाड्याच्या एका खोलीत एकटा राहतो. आई पहूरला थोरल्या भावाकडे असते.

गाणारा आणि गिटार वाजवणारा माझा धुळ्याच्या कॉलेजातला मित्र. त्याचे पणजोबा राजस्थानातून आलेले, घरचं कापडाचं मोठं दुकान. आम्ही त्याला शेठ म्हणायचो, कारण खिशात एक रुपया नसतानाही तो तसाच बसायचा. घरी तो गोदामात जातो असं सांगून तालमीला यायचा. ड्रमर मात्र आम्हाला रस्त्यात सापडला. आमची बस एका वरातीमागे अडकली होती. सगळे प्रवासी वैतागून खाली उतरले, आम्हीही उतरलो. लाल कोटातला एक किडकिडीत पोरगा गळ्यात साइड ड्रम अडकवून उभा होता. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात, कुणाचं लक्ष नसताना, तो स्वतःचंच काहीतरी वाजवून घेत होता. शेठनं माझा दंड धरला. आम्ही बस सोडली आणि नवऱ्याच्या दारापर्यंत त्या वरातीत चालत गेलो. आम्ही त्याला उस्ताद म्हणायला लागलो, तो मला मास्तर म्हणायला लागला.

बँड त्याच्या मामांचा होता. मुसलमान पोरगा, पण तिथी-मुहूर्त त्याला आमच्या दोघांपेक्षा जास्त कळायचे. कुठल्या महिन्यात किती लग्नं, गुरूचा अस्त कधी, चातुर्मास कधी लागतो, सगळं तोंडपाठ. पोटाचाच प्रश्न तो. मी पंचांगाकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. घरच्या कॅलेंडरवर अमावस्या कुठे आहे एवढं बघायचं आणि रजेचा अर्ज लिहायचा.

गॅरेज नानांचं. नाना पिंपळनेरकडचे, हायवेवर ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. त्यांच्याकडे आम्ही गेलो ते बाससाठी. तसला बास विकत घ्यायचा तर थेट मुंबई गाठावी लागली असती आणि किंमत ऐकून परत यावं लागलं असतं. मी मोबाइलवर फोटो दाखवला, मापं काढून आणली होती ती दिली. पातळ प्लायवूडचा करतात, असंही सांगितलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात येऊन शिवी दिली.

"प्लायवूड? मना हातथीन नही व्हवाव. हाई सागवान शे. तुना नातूबी वाजाडी."

आणि त्यांनी खरोखरच ट्रकला लावतात ते सागवान लावलं. बोटभर जाडीचं. आतून पट्ट्या, कोपऱ्यांना लोखंडी अँगल. तयार झाला तेव्हा तो उचलायला आम्ही तिघंही कमी पडलो. पेंटरनं सवयीनं पुढच्या बाजूला दोन मोर काढले होते. इतक्या जाड लाकडातून सूर कसला निघतोय? तार छेडली की आत कुठेतरी गुरगुर व्हायची आणि विरून जायची. मला रडू यायचं बाकी होतं. पण तार ओढून आपटली की असा ठाक्कन आवाज यायचा की गॅरेजमागची कुत्री उठून उभी राहायची. उस्ताद हसला आणि म्हणाला, "मास्तर, तू सूर सोड. तू फक्त हाण." आमचा आवाज असा ठरला. आयुष्यात मला कुणी इतका उपयोगी सल्ला दिलेला नाही.

नाना सुट्टीच्या दिवशीही गॅरेजमध्ये येऊन खाटेवर बसायचे. आम्ही वाजवायला लागलो की कानाला मफलर बांधायचे, उठून मात्र जायचे नाहीत. "बठ्ठा लोके सांगतस, नानाना गॅरेजमा भूत नाचस," असं ते कौतुकानं सांगायचे. गाणी शेठ लिहायचा. पहूर फाट्यावर एक मुंजा उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जामनेरपर्यंत सोडा म्हणतो, असं एक गाणं होतं. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली हडळ आणि डाळ मिलमध्ये अडकलेलं भूत अशी आणखी दोन. मी त्यांत भर घालायला गेलो की शेठ म्हणायचा, तुझी भुतं फार रागावलेली असतात.

आता अमावस्येची दुसरी बाजू. दर महिन्याला बरोबर अमावस्येला रजा घेणारा माणूस कॉलेजात किती दिवस लपणार? हेडक्लार्क आधी हसून विचारायचे, "सर, पुढच्या अमावस्येची रजा आत्ताच लिहून ठेवू का?" मग हसणं बंद झालं. एक दिवस शिपाई प्रयोगशाळेत आला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला की म्हैस आटलीय, एकदा येऊन बघून जा. मी त्याच्यावर एवढा ओरडलो की त्याची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नारळ ठेवलेला होता.

स्थळं यायची तीही बंद झाली. अमळनेरची माणसं बघून गेली होती, मुलगी मला आवडली होती, तिनंही दोन प्रश्न मनापासून विचारले होते. त्यांनी कॉलेजात चौकशी केली आणि पुन्हा फोन आला नाही. नंतर चोपड्याच्या माणसांनी तर यायच्या आधीच नाही कळवलं. आईचा पहूरहून फोन आला. "खरं सांग, काय करतोस तू अमावस्येला?" मी म्हणालो, धुळ्याला जाऊन गाणी वाजवतो. ती म्हणाली, "त्यापेक्षा दारू पितो म्हणाला असतास, तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं."

मी एकटा पडत चाललो होतो आणि मला ते कळत होतं. कॉलेजात डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. पण महिन्यातला एक दिवस असा होता की सकाळी सहाची धुळ्याची बस पकडायची, एरंडोल, पारोळा मागे टाकत जायचं, आणि दहा वाजता दोन माणसं माझी वाट बघत असायची. उरलेले एकोणतीस दिवस मी त्या एका दिवसावर काढायचो. यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येणार नाही. आणि माझी इच्छाही एकच होती, की आम्हा तिघांना एकदा तरी माणसांनी ऐकावं. जी माणसं ऐकायलाच आलेली आहेत, अशा माणसांनी. एकदा झालं की पुरे.

कारण तोवर आम्हाला कुणी ऐकलं नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. एका गणेश मंडळात वाजवलं होतं. दुसऱ्या गाण्यानंतर अध्यक्ष स्टेजवर आले, माइक हातात घेतला, आमचे आभार मानले आणि शेठच्या कानात म्हणाले, "भाऊ, लहान मुलं रडताहेत." शेठच्या मित्राच्या साखरपुड्यात वाजवलं, तिथे जनरेटर बंद केला गेला. बंद पडला नव्हता, मी स्वतः बंद करताना बघितलं.

मग आम्ही सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओ म्हणजे नानांच्या आवारात अर्धवट बांधलेली ट्रकची बॉडी. आत उभं राहून वाजवलं की लाकडात आवाज छान घुमायचा. शेठनं ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि आम्ही विसरलो. चारपाच महिन्यांनी त्याला एका परदेशी माणसाचा निरोप आला. तो घरातल्या घरात कॅसेटी काढून असल्या संगीताच्या शौकिनांना विकायचा. त्याला आमची गाणी हवी होती. बासचा तो ठाक आवाज कुठल्या यंत्रातून काढलात, असंही विचारलं होतं. आम्ही कळवलं की ट्रकच्या लाकडातून. त्याला ती थट्टा वाटली.

दहा कॅसेटींचं खोकं टपालानं जळगावला माझ्या पत्त्यावर आलं. ते मी अमावस्येपर्यंत उघडलं नाही. तिघांनी मिळून उघडायचं ठरलं होतं. आणि गॅरेजमध्ये उघडल्यावर कळलं की कॅसेट वाजवायचं यंत्र तिघांपैकी कुणाच्याच घरी नाही. शेवटी नानांना आठवलं. मागे कुंपणाला लागून त्यांचा स्वतःचा जुना ट्रक उभा होता, त्यात टेप होता. बॅटरी जोडली. आम्ही तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसलो, नाना खाली दाराला टेकून उभे राहिले. भर उन्हात, काचा वर करून, आम्ही आमची सहा गाणी ऐकली. मी मधे होतो. एका बाजूनं शेठ गुडघा हलवत होता, दुसऱ्या बाजूनं उस्ताद डॅशबोर्डवर बोटं वाजवत होता, आणि मला घाम फुटला होता आणि उठायचं नव्हतं. आयुष्यात मी सुखी कधी होतो असं कुणी विचारलं तर मी ती दुपार सांगेन.

त्या कॅसेटीमुळे पुण्याहून बोलावणं आलं. असलं संगीत ऐकणाऱ्यांसाठी काही पोरं दोन दिवसांचा कार्यक्रम करणार होती, शनिवार आणि रविवार. आम्हाला शनिवारची संध्याकाळ देऊ केली होती. निरोप मला आला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, शनिवारच्या चौकटीत दर्श अमावस्या छापलेलं होतं. मला वाटलं, हे आपल्यासाठीच जुळून आलंय. दहा मिनिटांत मी हो कळवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. अमावस्या म्हणजे आम्ही तिघं, यात विचारायचं काय?

त्याच आठवड्यातल्या रविवारी दोघांना सांगायला मी मुद्दाम धुळ्याला गेलो, दोघांनाही गॅरेजवर बोलावून घेतलं. उस्ताद गॅरेजच्या दाराशी साइड ड्रमचं कातडं ताणत बसला होता. बातमी ऐकून शेठनं मला मिठी मारली. उस्तादचे हात थांबले.

"त्या शनिवारी मला पिंपळनेरला लग्न आहे," तो म्हणाला.

"अमावस्येला कुठलं लग्न?"

"मास्तर, अमावस्या दुपारी तीनला लागते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तू वाचलं नाहीस. नवरा मुलगा मिलिटरीत आहे, त्याची रजा संपतेय. गुरुजींनी सकाळचा मुहूर्त काढून दिलाय, अमावस्या लागायच्या आत अक्षता. मामांनी सुपारी घेतलीय."

सकाळी पिंपळनेर आणि संध्याकाळी पुणे, हे होण्यासारखं नव्हतं. मामांनी घेतलेली सुपारी मोडणं तर त्याहून होण्यासारखं नव्हतं. मांडवात बँड आला नाही, तर पुढच्या हंगामात त्या अख्ख्या पट्ट्यात त्यांना कुणी उभं केलं नसतं. मला हे सगळं कळत होतं आणि तरी राग येत होता. त्या मिलिटरीतल्या मुलाचा, गुरुजींचा, कॅलेंडर छापणाऱ्याचा.

उस्ताद म्हणाला, "एक काम कर. त्यांना रविवार माग. दोन दिवस कार्यक्रम आहे ना? मी रातच्या गाडीनं निघतो, रविवारी दिवसभर मोकळा."

"विचारतो," मी म्हणालो.

मी विचारलं नाही. मोबाइल हातात घेऊन कॉलेजच्या स्टोअररूममध्ये बसलो, चार वेळा निरोप लिहिला आणि चारही वेळा पुसला. मला वाटलं, आपण आधी हो म्हणालोय, आता तारीख बदलून मागितली तर म्हणतील, कुठली गावठी माणसं ही, राहू द्या. सात वर्षांत एकदा दार उघडलं होतं आणि मी त्याला बोट लावायला तयार नव्हतो. दोन दिवसांनी पुन्हा धुळ्याला गेलो आणि उस्तादला सांगितलं, "नाही म्हणाले. शनिवारीच जमेल म्हणाले." शेठलाही तेच सांगितलं. उस्ताद म्हणाला, "ठीक आहे. मग दुसरा कुणी बघा, पण जा." हे तो खरंच म्हणाला, आणि मी त्यावर स्वतःला मोकळं करून घेतलं.

पुण्यातल्याच एका ड्रमरनं कॅसेटवरून गाणी बसवली. बास आम्ही टेम्पोनं नेला, चार पोरांनी तो स्टेजवर चढवला आणि मोर बघून टाळ्या वाजवल्या. ऐकणारी पन्नाससाठ माणसं असतील, पण ती ऐकायलाच आलेली होती. मुंजाचं गाणं पुन्हा वाजवायला लावलं. एक मुलगी पुढे उभं राहून शब्द म्हणत होती, तिला शब्द पाठ होते. मला हवं होतं ते सगळं समोर घडत होतं. आणि मी उजवीकडे बघायचो तर तिथे एक अनोळखी, गोरा, नीटनेटका पोरगा बसलेला. तो एकही ठोका चुकला नाही. दोन ओळींमधल्या ज्या जागा उस्ताद आपलं काहीतरी घालून भरायचा, त्या जागा त्यानं स्वच्छ रिकाम्या सोडल्या. प्रत्येक वेळी तिथे मी अडखळायचो. कार्यक्रमानंतर एकानं येऊन हात मिळवला आणि म्हणाला, "रेकॉर्डिंगपेक्षा ड्रम्स आज भारी होते." मी थँक्यू म्हणालो.

आवरत असताना आयोजकांतला एक जण सहज बोलून गेला, उद्याचा एक बँड येत नाहीये, तुम्ही रविवारी असता तर बरं झालं असतं. शेठनं माझ्याकडे बघितलं. मी केबल गुंडाळत राहिलो.

पुढच्या अमावस्येला उस्ताद आला. शेठच्या मोबाइलवर त्यानं सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, मधे एकदाही थांबवला नाही. "चांगला वाजवतो पोरगा," म्हणाला. "हात साफ आहे." मग आम्ही तालीम केली. त्याही दिवशी मधल्या जागा रिकाम्या राहिल्या. मी वाट बघत होतो, तो सरळ ठेका धरून बसला होता. त्यानंतरच्या अमावस्येला त्याला काही काम निघालं. त्यापुढच्या वेळी मामांना दवाखान्यात न्यायचं होतं. मग त्यानं कारण सांगणं बंद केलं आणि आम्ही विचारणं. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडण मला जमतं.

शेठचं लग्न झालं आणि घरच्यांनी त्याला सुरतच्या दुकानावर बसवलं. जाताना गिटार माझ्याकडे देऊ का म्हणाला, मी नको म्हणालो. पुण्याबद्दल त्यानं मला कधीच काही विचारलं नाही, त्या बाबतीत तो फार सभ्य माणूस आहे. हल्ली तो कधीतरी मुलीचे फोटो पाठवतो.

आणि मी दर अमावस्येला धुळ्याला जात राहिलो. रजेचा अर्ज, सहाची बस, एरंडोल, पारोळा. कॉलेजात आता मला कुणी काही विचारत नाही, मी तिथला ठरलेला वेडा आहे. गॅरेजमध्ये जाऊन बासवरची धूळ पुसायची, अर्धा तास एकट्यानं तारा आपटायच्या. एकटा बास म्हणजे काय ते सांगतो. त्यात गाणं ओळखू येत नाही. सुतारकाम चाललंय असं वाटतं. रस्त्यावरून जाणारा एक जण एकदा आत डोकावला आणि आज गॅरेज चालू आहे का विचारून गेला. नानांनी मफलर बांधणंही सोडलं होतं. दोन वर्षं मी हे केलं.

मागच्या अमावस्येला नाना खाटेवरून म्हणाले, "एकला माणूस कितला वाजाडी? त्या पोऱ्याले बलाव ना."

"तो येणार नाही, नाना."

"तू इचारं का त्याले? इचार ना. तुना काय जास?"

परतीच्या बसमध्ये नेमका तोच प्रश्न डोक्यात बसला. सात वर्षांत मी त्याला येशील का असं कधीच विचारलेलं नव्हतं. तो असायचाच. मला वाटायला लागलं की चूक तिथेच झाली, आणि आता ते एकदा विचारलं, खोटं बोललो ते कबूल केलं, की गाडी रुळावर येईल. इतके दिवस हे का सुचलं नाही, म्हणून मला स्वतःचाच राग आला. पुढचा रविवार येईपर्यंत दम निघाला नाही, मधेच रजा टाकून मी धुळ्याला गेलो.

उस्तादच्या घरी मी आजवर एकदाच गेलो होतो, त्याच्या लग्नाच्या दावतीला. मामा थकले होते, आता बँड तोच चालवत होता. बाहेरच्या खोलीत खुंटीला आठदहा लाल कोट ओळीनं टांगलेले होते. त्यानं मला बघितलं, उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. "या सर, बसा," म्हणाला. मला वाटलं, घरात माणसं आहेत म्हणून म्हणाला असेल. आतून चहा आला, नव्या कपबशीत, सोबत बशीभर बिस्किटं. तब्येत कशी आहे, आई कशा आहेत, कॉलेज कसं चाललंय, सगळं त्यानं विचारलं. हल्ली लोक डीजेच मागतात, पण खेड्यांत अजून बँड लागतो, असं सांगितलं. एकदाही मास्तर म्हणाला नाही, एकदाही तू म्हणाला नाही.

शेवटी मीच म्हणालो, "त्या वेळी मी पुण्याला रविवारचं विचारलंच नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे, सर."

"शेठनं सांगितलं?"

"नाही. सांगताना तुम्ही वर गॅरेजच्या पत्र्याकडे बघत होता." त्यानं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "मी समजलो होतो तेव्हाच. तरी मनात होतं की जाणार नाहीत तुम्ही. शनिवारी सकाळी पिंपळनेरला कोट घालेपर्यंत वाटत होतं."

मी समजत होतो की मी त्याला विचारलं नाही याचं त्याला वाईट वाटलं. ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आम्ही त्याला सोडून जाणार नाही असं धरून तो बसला होता, आणि आम्ही गेलो.

"राग नाही हां," तो म्हणाला. "चहा घ्या, थंड होतोय."

चहा मी एका घोटात संपवला. मग ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. म्हणालो, "पुढच्या अमावस्येला येशील का? एकदाच. आपण दोघंच वाजवू."

तो नाही म्हणेल अशी मी तयारी ठेवली होती. तो नाही म्हणाला नाही. त्यानं फळीवरून सुपाऱ्यांची डायरी काढली, पानं उलटत योग्य पानावर आला आणि कानामागचं पेन हातात घेतलं.

"किती वाजता?"

"दहाला."

"किती तास लागतील?"

"दोन," मी म्हणालो.

"जागा?"

मी नानांचं गॅरेज म्हणालो. त्यानं तेही लिहिलं, हायवे, धुळे, असं पुढे घालून.

"पार्टीचं नाव काय लिहू?"

तो खरंच विचारत होता, पेन टेकवून माझ्याकडे बघत होता. मी माझं नाव सांगितलं. त्यानं आडनाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लिहिलं.